इंजिनाच्या पोटात

प्रिय धनराज,

तू फोन उचलत नाहीस, म्हणून लिहितोय. नवनाथ माल घेऊन सुरतेला निघालाय, त्याच्या हाती हे पाकीट देतो. तो ते कुठल्या ढाब्यावर विसरला नाही म्हणजे मिळवली. पाकिटात कागदात गुंडाळलेलं काही आहे, पण हे पत्र पुरतं वाचल्याशिवाय ते सोडू नकोस. तुझी घाई मला माहीत आहे.

आपल्या ट्रकचं इंजिन अखेर खोललं. जुनं इंजिन घेऊन बसवलं तेव्हाच माझ्या मनात धाकधूक होती, पण माझं ऐकतो कोण. ते सापुताऱ्याच्या चढावर आवळून बंद पडलं, टोमॅटो रस्त्याकडेला नासले, आणि सुनील तुला म्हणाला की ऑईलचा लाल दिवा लागला तरी तू गाडी दामटत राहिलास. तू म्हणालास, दिवा लागला तशी उभी केली. तो थोरला, त्याचा आवाज मोठा. तू भरल्या ताटावरून उठून गेलास. तुझी आई अजून ते ताट मला सुनावते, जसा काही मीच तुला उठवला.

सुनीलचं म्हणणं, इंजिन आहे तसं भंगारात घाला. मी म्हटलं, घाल, पण आधी ते का गेलं ते बघू. मग आडगाव नाक्यावरच्या बहिरू मिस्तरीनं माझा जीव खाल्ला. आज खोलतो, उद्या खोलतो. मध्येच हरसूलला भाचीच्या लग्नाला गेला तो तिकडेच रमला. आला तर पुली ओढायचं हत्यार दुसऱ्याकडे गेलेलं. मी रोज जाऊन त्याच्या बाकड्यावर बसायचो, तर मलाच म्हणतो, "काका, तुम्ही असं टक लावून बसले की माझ्या हातातून पाना सुटतो." एवढा नाजूक असशील तर शिवणकाम कर म्हटलं.

हेड उचललं तेव्हा मी दुसरीकडे बघत होतो, खोटं कशाला सांगू. पिस्टन जळके निघाले असते तर गाडी दामटल्याचं तुझ्यावर आलं असतं. पिस्टन चांगले निघाले. खाली क्रँकच्या बेरिंगा मात्र कोरड्या घासून चिकटलेल्या. बहिरू म्हणाला, ऑईल पोचलंच नाही. मग ऑईल गेलं कुठं? खालचं चेंबर सोडलं तर ऑईल जसंच्या तसं, भरलेलं. पंपाच्या तोंडाशी जी जाळी असते, जिच्यातून ऑईल वर ओढलं जातं, ती जाळी गच्च बुजलेली. त्यानं स्क्रू ड्रायव्हरनं खरवडून माझ्या तळहातावर ठेवलं. सुताचे धागे, चिंध्या आणि फुगलेले काळे दाणे. दाबून पाहिलं तर तांदूळ. म्हणतो, "काका, इंजिनात खिचडी लावली व्हती काय कोणी?"

मला हसू आलं नाही. एका चिंधीला पिवळा काठ होता. तुझ्या आईच्या जुन्या खणाचा.

तुला तिची सवय माहीत आहे. नवी वस्तू घरात आली की अक्षता आणि गडावरच्या देवीचा अंगारा खणात बांधून तिच्या पोटात ठेवायचा. धान्याच्या कोठीत आहे, उंबऱ्याखाली आहे, सुनीलची वेदिका झाली तेव्हा पाळण्यातही होती. इंजिन बसवलं त्या दिवशी ती आरतीचं ताट घेऊन आली, मिस्तरी ऑईल ओतून डबा ठेवायला वळला होता, झाकण उघडं होतं. मला म्हणाली, जरा तिकडे व्हा. मी झालो. तिनं बिचारीनं पोट शोधलं आणि त्यात पुरचुंडी ठेवली. खण गरम ऑईलात विरला, आणि हळूहळू सगळं जाळीवर जाऊन बसलं. तू दिवा लागताच गाडी उभी केली होतीस. दिवा लागला तेव्हा बेरिंगा आधीच गेल्या होत्या.

सोबत आलेला सुनील चहा सांगून परत येईपर्यंत मी ती चिंधी खिशात घातली. बहिरूला डोळ्यांनी गप्प केला. सुनीलला सांगितलं, ऑईल ओतताना फडकं माझ्याच हातून आत गेलं असणार.  तो म्हणाला, "अण्णा, तुम्ही आता गॅरेजात पाय टाकायचा नाही." मिस्तरींदेखत बोलला.  घरी येताना गाडीत, द्वारका चौकातल्या सिग्नलला म्हणाला, "धन्याला मी उगाच बोललो." तुला त्याचे फोन आले असतील, ते याचेच. तोंडानं माफी मागणं त्याला जमायचं नाही, तू फोन उचल म्हणजे झालं.

आईला यातलं काही माहीत नाही, आणि कळू द्यायचं नाही. ती अख्ख्या गल्लीला सांगत फिरते की इंजिन गेलं पण पुरचुंडी होती म्हणून घाटात पोरगं सुखरूप राहिलं.   तू आल्यावर सुनीलपुढे फडकं माझंच होतं असं समजून वाग.

आता पाकिटातलं. तू सुरतेला दुसऱ्याची गाडी चालवतोस हे कळल्यापासून तिनं माझ्यामागे धोशा लावला. नवीन खण फाडला, अंगारा बांधला, आणि नवनाथ निघायच्या आत पत्र लिहा म्हणून माझ्यासमोर येऊन बसली. आत्ताही बसलीय. मी काय लिहितोय ते तिला वाचता येत नाही, म्हणून एवढं तरी लिहिता आलं. ती सांगते, धनूला म्हणावं, इंजिनाच्या पोटात ठेव. मी मान हलवतोय. तू ती पुरचुंडी आरशाला बांध, नाहीतर उशाखाली ठेव. आणि बोनट उघडं असेल तेव्हा खिशातूनही बाहेर काढू नकोस. तिनं विचारलं तर म्हण, पोटातच ठेवली.

तुझाच,
अण्णा