गुणी पोराची धार
मंगळवार, संध्याकाळ. जळगाव, दवाखान्यातून.

डॉक्टरांनी विचारलं, "बाळाची लघवीची धार कशी पडते?" मला सांगताच येईना. धार मी कधी पाहिलीच नाही. नुसते थेंब. लंगोट सतत ओलसर, म्हणून वाटायचं सगळं नीट आहे.

बारशाला पिंप्राळ्यातल्या सगळ्या बायकांनी त्याला मांडीवर घेतलं. कुणीच भिजलं नाही. सासूबाई कौतुकानं सांगत होत्या, "कितलं गुनी पोर शे! कोनले भिजवत नही." मीही हसले. कशी हसले मी?

लघवीच्या वाटेत जन्मापासूनच पातळ पडदा आहे म्हणे. लघवी तुंबून दोन्ही किडन्या सुजल्यात. सध्या नळी घातलीय, उद्या दुर्बिणीनं पडदा कापणार. किडन्या किती वाचल्या, ते मात्र आज कुणीच सांगत नाही. एवढासा जीव, त्याला भूल कशी सोसेल?

सासूबाई आत्ता आल्या त्या बारशाचंच नवं लुगडं नेसून. दवाखान्यात हे कशाला, असं वाटलं, तेवढ्यात त्याच म्हणाल्या, "नळी निंघनी का त्याले पहिले मन्ही मांडीवर दे. बठ्ठं लुगडं भिजू दे."

मांडीवर पदर आत्तापासूनच पसरून बसल्यात.