लांडगा दिसला तर

शनिवार संध्याकाळ, लेक टाहो, कॅलिफोर्निया

मीरा समोर बसून मॅगी खातेय, तिचं पिवळं जॅकेट हीटरजवळ वाळतंय. हुश्श!

नागपूरहून आईने स्कीइंग करणाऱ्याच्या मागे लांडगा लागल्याचा व्हिडिओ पाठवला. मग काय, सकाळी स्कीइंगला निघालेल्या लेकीला मी बजावलं, "लांडगा दिसला तर झाडाखाली लप." "आई, चिल!" म्हणाली.

दुपारी पिवळं जॅकेट कुठेच दिसेना, तेव्हा उतारावर गस्त घालणाऱ्या स्की पॅट्रोलवाल्याला गाठलं. तो म्हणाला, "लांडगे माणसाच्या वाटेला जात नाहीत. पण झाडाखालचा बर्फ भुसभुशीत असतो, माणूस आत गडप होतो." मीच पाठवलं तिला तिथे?

तेवढ्यात डोंगरावर नेणाऱ्या स्की-लिफ्टच्या रांगेत पिवळं जॅकेट! झाडांकडे फिरकलीसुद्धा नव्हती.

ही कार्टी माझं एक म्हणून ऐकत नाही. देवा, थँक यू.