गुरुवारी बंद

कोत-मेउर, ३ मार्च १९६१

चि. सौ. अनाइगला आजीचे पोटभर आशीर्वाद.

तुझं पत्र पोचलं. नेहमीसारखं शेजारच्या फान्तने वाचून दाखवलं, हेही तीच लिहितेय. माझ्या शिव्या ती गाळते, तेवढं समजून घे.

गुरुवारी सकाळी दहाला किराणा दुकानाच्या फोनवर ये, काहीतरी मोठं विचारायचंय, असं तू म्हणतेस. पण बाई, गुरुवारी दुकान बंद असतं. दारावरच्या पाटीवर तसं लिहिलंय म्हणे, फान्तने वाचलं. नव्या दुकानदाराला विचारावं, तर त्याला आपली ब्रेटन येत नाही आणि मला त्याची फ्रेंच. तो दात काढतो, मीही काढते. त्याला आहेत, एवढाच फरक.

तेव्हा काय ते पत्रातच लिही. थंडीला जप.

तुझी आजी, मारिवोन

पॅरिस, १० मार्च

ती. आजीस शि. सा. न.

काल मी तरीही फोन लावला. दुकानदाराने पहिल्याच घंटीला उचलला. सोमवार सोडून रोज सकाळी आठला उघडतो, म्हणाला. फान्तआजीचे डोळे तपासून घ्या.

विचारायचं ते हे: मे महिन्यात मला बाळ होणार. डॉक्टरांनी पडून राहायला सांगितलंय. तू ये, आणि इथेच राहा. येत्या २३ तारखेला, गुरुवारी दहाला, फोनवर हो म्हण. नाही आलीस तर सासूबाईंना बोलवावं लागेल. त्या टपूनच बसल्यात. पण मला तू हवीस.

नाताळात पाठ करून घेतलेलं वाक्य विसरली नाहीस ना? ‘वू झूव्रे आ केल अर?’ तुम्ही किती वाजता उघडता? दुकानदाराला तूच विचार.

तुझीच, अनाइग

कोत-मेउर, १७ मार्च

चि. अनाइग, अनेक आशीर्वाद.

अक्षर वेगळं दिसेल. पोस्टमन गुल्वेन लिहितोय, सायकल दारात आडवी टाकून.

फान्तने तुझं पत्र वाचलं तेव्हा त्यात थंडी होती, नवी चादर होती, सासूबाईंचा खोकला होता. बाळ नव्हतं.

काल गुरुवारी रस्त्याने जात होते, तर ‘बंद’ दुकानातून कॉफी दळल्याचा वास. आत शिरले आणि तुझं वाक्य म्हटलं. नाताळापासून कुणावर टाकायला मिळालंच नव्हतं. त्याने आठ बोटं दाखवली. गुरुवारला ते ‘झदी’ म्हणतात, तेही विचारलं. मान डोलावून त्याने फोनकडे बोट केलं आणि तुझं नाव घेतलं.

मग गुल्वेनकडून पत्र पुन्हा वाचून घेतलं आणि तशीच फान्तकडे गेले. ती बटाटे सोलत होती. म्हटलं, वाच परत. बाळापाशी आल्यावर तिने कागद खाली ठेवला. म्हणाली, तू गेलीस तर मी बोलू कुणाशी? म्हटलं, पाटीशी बोल. तुला हवं तेच असतं तिच्यावर.

पोरी, पन्नास वर्षं मी तिच्या डोळ्यांनी वाचतेय. तुझे आजोबा लढाईवरून लिहायचे, ती पत्रंही तिनेच वाचली. परत आले नाहीत ते. त्या पत्रांत काय होतं आणि काय नव्हतं, आता कुणाला विचारू? पेटीत आहेत सगळी. सोबत आणते. तू वाच, वाईटसाईटही गाळू नकोस.

गुरुवारी फोनवर ‘हो’ म्हणेनच, पण हे लिहूनही घे: मी येतेय. फान्तने विचारलं, परत कधी येशील. म्हटलं, दारावर पाटी लावीन. तुझी तू वाच.

माया आहे ती पातळ होऊ देऊ नकोस.

आजी
(खालची फुली माझ्या हातची.)

×