माझ्या बाजूचा ब्रेक

१३ डिसेंबर, शनिवार
साडू आला. जर्मनीहून. नाव भारत आणि राहतो जर्मनीत, यावर मी विनोद केला. कोणी हसलं नाही. मागच्या खेपेलाही मी हाच केला होता म्हणे.

बरोबर माझी मेहुणी प्रिया. दोघं तीन आठवडे आमच्याकडेच राहणार. सासूबाईही केदारखेड्याहून इकडे आल्यात. धाकटे जावई येणार म्हटल्यावर गुडघा दुखायचा थांबला. मी न्यायला गेलो की तो थांबत नाही.

जेवताना रस्त्यांचा विषय निघाला. भारत म्हणाला, तिकडे महिना महिना हॉर्नला हात लागत नाही. सासूबाईंनी घास तसाच हातात धरला. आमची बेबीनंदा म्हणाली, मंग समोरच्याला कळतं कसं? तर म्हणे, समोरचा बघतो.

इथे मी बोलायला हवं होतं. तातेराव मोटार ड्रायव्हिंग स्कूल जालन्यात कोणाचं आहे? माझं. एकोणीस वर्षं झाली. अर्ध्या एमआयडीसीला गिअर मी शिकवलाय. पण तोंडात भाकरी होती, आणि ती गिळेपर्यंत विषय ऑटोबानवर, म्हणजे तिकडच्या हायवेवर गेला.

मी जळत नाही. मी निरीक्षण करतो.

१४ डिसेंबर
भारतने स्वतःच्या तोंडाने सांगितलं की जर्मनीतल्या लायसन्सच्या परीक्षेत तो दोनदा नापास झाला. मला इतकं बरं वाटलं की मी आणखी अर्धा कप चहा मागितला. तेवढ्यात सासूबाई म्हणाल्या, किती साफ मनाचा माणूस, काहीच लपवत न्हाई. म्हणजे नापास होऊनही हाच पास.

तिकडे ड्रायव्हर डावीकडे बसतो, त्याची सवय व्हायला वेळ लागला, असंही म्हणाला. सवय? मी एकोणीस वर्षं डावीकडे बसूनच गाडी चालवतोय. शाळेच्या अल्टोत माझ्या बाजूला माझा वेगळा क्लच आहे, वेगळा ब्रेक आहे. स्टिअरिंग विद्यार्थ्याच्या हातात असतं, पण गाडी माझ्या पायात असते. हे सगळ्यांना समजावून सांगितलं. प्रिया म्हणाली, दाजी, मंग तुम्ही जर्मनीतच राहून राह्यले की. टोमणा असावा. तरी मला पटलं.

१६ डिसेंबर
भारतच्या मोबाइलमध्ये व्हिडिओ आहे. रस्ता गाड्यांनी गच्च भरलेला, मागून ॲम्ब्युलन्स येते आणि सगळ्या गाड्या दोन्ही बाजूंना सरकून मधे वाट करून देतात. कोणी त्या वाटेने मागून घुसत नाही. बेबीनंदाने तीनदा पाहिला. डोळ्यांत पाणी आलं तिच्या. आमच्या लग्नाच्या व्हिडिओला आलं नव्हतं.

मीही एकदा मोतीबागेजवळ ॲम्ब्युलन्सला बाजू दिली होती. व्हिडिओ काढला नाही, ही चूक झाली.

निश्चय: उद्यापासून शाळेच्या गाडीत हॉर्न बंद. आठवडाभरात जालन्यात जर्मनी उभी करतो. मग बघू तीनदा कोणाला बघतात.

१७ डिसेंबर
सकाळच्या बॅचला पुंजाराम. बियाण्याच्या कंपनीत सुपरवायझर आहेत, माणूस समजूतदार. त्यांना सांगितलं, आजपासून हॉर्न नाही. ते म्हणाले, सर, बाकी काही जमत न्हाई मला, एक हॉर्नच बराबर येतो, तोबी काढून घेता का?

एमआयडीसीचा पहिला गेट. शिफ्ट सुटलेली. मोटारसायकलीच मोटारसायकली, लोखंडाचे टेंपो. पुंजाराम सगळ्यांना वाट देत उभे. मीही कौतुकाने उभा. एकजण काचेवर टकटक करून विचारून गेला, गाडी बंद पडली का, धक्का देऊ का? मी म्हणालो, नाही, आम्ही थांबलोय. तो बराच वेळ वळून वळून बघत होता.

धडा तिथेच संपला. म्हणजे वेळ संपली. आम्ही गेटजवळच होतो.

१९ डिसेंबर
झेब्रा क्रॉसिंग. जालन्यात आहेत, बघितले की दिसतात. पुसट झालेत एवढंच. पायी माणूस दिसला की थांबायचं, हा आजचा धडा. एक म्हाताऱ्या बाई कडेला पिशवी घेऊन उभ्या. मी माझ्या बाजूचा ब्रेक दाबला. हाताने, या, या, अशी खूण केली. बाई आल्या, मागचं दार उघडून आत बसल्या आणि म्हणाल्या, रेल्वे स्टेशन.

त्यांना वाटलं आम्ही सीट भरून राह्यलो.

स्टेशनला सोडलं. उतरताना पुंजारामच्या हातावर दहा रुपये ठेवले. पुंजाराम खूष झाले. म्हणाले, सर, पयली कमाई.

भारतला हे सांगणार नाही.

२० डिसेंबर
गाडीत काहीतरी चाललंय. ड्रायव्हरचं सीट पुढे ओढलेलं सापडलं. आरसा खाली झुकलेला. पेट्रोलही कमी.

लगेच लक्षात आलं. भारत पहाटे उठून मॉर्निंग वॉकला जातो. बेबीनंदा आणि प्रियाही जातात, पण त्या खरंच वॉकला जात असणार. हा मात्र गुपचूप आमची अल्टो काढून प्रॅक्टिस करतोय. भित्रा. जालन्याच्या रस्त्यांची धास्ती घेतलीये. सीट पुढे ओढतो म्हणजे पायही आखूड असणार, पँटमुळे कळत नाही.

बोललो नाही. पाहुणा आहे. मनातून फार गोड वाटलं.

जाता जाता: बेबीनंदाच्या आधार कार्डाला माझा मोबाइल नंबर आहे, त्यावर मघा पुन्हा ओटीपी आला. चार-पाच दिवसांपूर्वीही आला होता. तिने मागितला, मी दिला. गॅसचा असेल.

२२ डिसेंबर
आज मात्र जळलो. लिहायला हरकत नाही, इथे कोण वाचतंय.

दुपारी घरी आलो तर भारत जमिनीवर बसलेला. मधे परात, भोवती चार वाट्या. परात म्हणजे गोल चौक, वाट्या म्हणजे गाड्या. आधी चौकात असलेल्याला जाऊ द्यायचं, मग आपण शिरायचं. बेबीनंदा एकेक वाटी सरकवत होती आणि म्हणत होती, आता ह्याची पाळी, आता माझी. हसत होती. असं हसताना मी तिला बऱ्याच वर्षांत पाहिलं नव्हतं.

मीही शिकवलं होतं की तिला. लग्नानंतर दुसऱ्याच वर्षी. चार दिवस आली. पाचव्या दिवशी म्हणाली, मला न्हाई जमायचं, गाडी माझ्या हाताखाली सारखी बंद पडती. मीही आग्रह केला नाही. आमच्या धंद्यात म्हणच आहे, बायकोला आणि सासऱ्याला शिकवू नये. एकेकाला गाडीचा हातच नसतो, त्याला कोण काय करणार?

वाट्या उचलून मोरीत टाकल्या. चहाला भांडं हवं होतं.

२४ डिसेंबर
ठरलं. रविवारी सगळे मिळून सासूबाईंना केदारखेड्याला सोडायचं, तिकडेच जेवण. मी उदार मनाने म्हणालो, गाडी भारतने चालवावी. उसाचे ट्रॅक्टर, म्हशी, उलटे येणारे मोटारसायकलवाले, सगळं एका फेरीत भेटलं की ऑटोबान उतरेल.

तर भारत हात जोडून म्हणाला, न्हाई दादा, हितं माझी हिंमत न्हाई. हितं तुमचाच हात पाहिजे.

तुमचाच हात. चारचौघांत. सासूबाईंसमोर. मी बेबीनंदाकडे बघितलं. ती भाजी निवडत होती. ऐकलं असणार.

तसा मी उजव्या सीटवर बऱ्याच दिवसांत बसलेलो नाही. वर्षांत म्हणा. लग्नाला, बाजाराला, कुठेही जायचं तर एखादा विद्यार्थी घेतो, त्याची हायवे प्रॅक्टिस होते. पण ड्रायव्हिंग आणि पोहणं माणूस विसरत नाही. मला पोहता येत नाही, पण असं म्हणतात.

२६ डिसेंबर
भारतकडून सहज विचारल्यासारखं करून एक मोठी गोष्ट काढून घेतली. तिकडे समोरच्या गाडीला लाइट मारला तर त्याचा अर्थ, या, आधी तुम्ही या. आपल्याकडे लाइट मारला तर अर्थ, खबरदार, मी येतोय. त्यांच्यात लाइट म्हणजे नमस्कार, आपल्यात दम.

रविवारी वाटेत मी हाच नमस्कार करणार. काही न बोलता. भारत मागच्या सीटवरून बघेल आणि बेबीनंदाला सांगेल, ताई, दादांना सगळं आधीच माहीत आहे. तिने एकदा तेवढं ऐकावं, दुसरं काही नको.

२८ डिसेंबर, रविवार. केदारखेडा
जेवलो नाही. पोटात जागा नव्हती.

सगळं लिहून ठेवतो, नाहीतर उद्या हे लोक वेगळं सांगतील.

निघताना मी उजवीकडे, बेबीनंदा माझ्या शेजारी डावीकडे, मागे सासूबाई, प्रिया, भारत. गाडीवर पुढे-मागे लाल एल. तो शाळेचा नियम आहे, माझ्यासाठी नाही. भोकरदन रोडला काम चालू, म्हणून आतल्या रस्त्याने गेलो. तिथे नाल्यावर एक जुना पूल आहे, एका वेळी एकच गाडी जाईल एवढा. पलीकडून उसाचा ट्रॅक्टर आला, मागे दोन ट्रॉल्या.

मी अलीकडे थांबलो. नमस्कार केला. एकदा लाइट.

ट्रॅक्टर जागीच थांबला. मीही थांबलेला. दोघं एकमेकांकडे बघत बसलो. माझ्या मागे जीप आणि पाच-सहा मोटारसायकली जमल्या, हॉर्न सुरू झाले. मी वळूनही पाहिलं नाही. मग ट्रॅक्टरने लाइट मारला. मला भरून आलं. जालना जिल्ह्यातला हा पहिला सुसंस्कृत ट्रॅक्टर. मी हात वर करून आभार मानले आणि पुलावर गाडी घातली.

ट्रॅक्टरही निघालेला होता. पुलाच्या मध्यावर आम्ही नाकाला नाक लावून उभे राहिलो.

ट्रॅक्टरवाला ओरडला नाही. खाली उतरून म्हणाला, साहेब, तुम्ही लाइट दिला, मी थांबलो. तुम्ही येईनात, मंग मी लाइट दिला, मंग तुम्ही कामून आले? मी म्हणालो, लाइटचा अर्थ जर्मनीत असा असतो. तो म्हणाला, दोन ट्रॉल्या मागं येत न्हाईत साहेब, तुम्हालाच घ्यावं लागंल.

रिव्हर्स. मागे बघा, स्टिअरिंग हलकं धरा, क्लच अर्धा सोडा. हे मी हजारो लोकांना सांगितलंय. सांगणं वेगळं निघालं. पहिल्यांदा गाडी डावीकडच्या कठड्याला घासली. दुसऱ्यांदा उजवीकडच्या. तिसऱ्यांदा पुढे गेली आणि ट्रॅक्टरवाला ट्रॅक्टरवर चढून बसला. मागून सासूबाईंचं त्रिशरण ऐकू यायला लागलं.

बेबीनंदा म्हणाली, उतरा, मी घेते.

मला वाटलं पिशवी घेते म्हणतीये.

ती उतरून माझ्या दाराशी आली. मी कधी उतरलो आणि डावीकडे कधी जाऊन बसलो, आठवत नाही. तिने सीट पुढे ओढलं. आरसा खाली झुकवला. तेव्हा मला कळलं सीट कोण ओढत होतं आणि पहाटेचा वॉक कसला होता. मागून प्रिया म्हणाली, दाजी, तायडीचं लर्निंग निघालंय, काळजी करू नका. म्हणजे तो ओटीपी गॅसचा नव्हता.

गाडी इंचभर मागे गेली आणि बंद पडली. पुन्हा चालू, पुन्हा बंद. मी म्हणालो, बघ, हात नाहीये तुझा. तिने आरशातून नजर न काढता सांगितलं, माझा हात बराबर हाये, तुमचा पाय काढा.

खाली बघितलं. माझा पाय माझ्या बाजूच्या ब्रेकवर होता. मी ठेवला नव्हता, तो आपोआप जातो.

काढला तरी पुन्हा जाईल अशी मलाच भीती वाटली. म्हणून दोन्ही पाय वर घेतले आणि सीटवर मांडी घालून बसलो. तिने जीप आणि मोटारसायकली मागे घ्यायला लावल्या, एका दमात गाडी पुलाबाहेर काढली आणि बाजूला लावली. ट्रॅक्टर जाताना हॉर्न देऊन गेला. तिनेही एकदा छोटा हॉर्न दिला.

सासूबाई म्हणाल्या, माही बेबी. एवढंच. पण ते मला अजून ऐकू येतंय.

२९ डिसेंबर
सकाळी बेबीनंदाला विचारलं, भारत कसा शिकवतो? जर्मनीची काय पद्धत आहे?

ती म्हणाली, काही पद्धत न्हाई. भारतराव हात मांडीवर ठिवून बसतात. गाडी बंद पडली तर पडू देतात. मग म्हणाली, तुम्ही शिकवायचे तवा तुमचा पाय सारखा ब्रेकवर असायचा. मला वाटायचं मलाच येत न्हाई. एवढी वर्षं मला तसंच वाटून राह्यलं.

ती रागावली असती तर मी उत्तर दिलं असतं. ती पोळ्या लाटत होती.

मी बाहेर येऊन गाडीचे ओरखडे पुसत बसलो. ओरखडे पुसले जात नाहीत. आजवर किती जणांची गाडी मी बंद पाडली असेल, याचा हिशोब करायला घेतला आणि सोडून दिला.

३० डिसेंबर
पुंजारामला हॉर्न परत दिला. गल्लीतल्या तीन बायका चौकशीला आल्या होत्या. मला वाटलं केदारखेड्याची बातमी जालन्यात पोचली नसेल. त्यांनी विचारलं, मॅडम शिकवणार असतील तर नाव घालतो.

निश्चय: लर्निंगवर कोणाला शिकवता येत नाही, हा कायदा मॅडमना नीट समजावून सांगणे. मॅडम म्हणाल्या, म्हाईत हाये, पक्कं लायसन्स निघंपर्यंत थांबायला सांगितलंय त्यांना.

४ जानेवारी, रविवार
भारत आणि प्रियाला संभाजीनगरच्या विमानतळावर सोडून आलो. गेले एकदाचे. भारतने गळ्यात पडून सांगितलं, दादा, तुमच्या गाडीनं लई शिकवलं. तुमच्या गाडीनं. माणूस मात्र साफ मनाचा आहे.

येताना बदनापूरजवळ मागून ॲम्ब्युलन्स आली. बेबीनंदाने गाडी डाव्या कडेला घेतली. मागच्यांनीही घेतली. ॲम्ब्युलन्स मधून निघून गेली. मी व्हिडिओ काढला. घरी येऊन पाहिला, तीनदा. त्यात बरेचसे माझे गुडघेच आलेत, मांडी घातलेली असल्यामुळे.

बाकी प्रवास चांगला झाला. मी जाताना आणि येताना डावीकडे बसलो होतो. जर्मनीतही ड्रायव्हर डावीकडेच बसतो. फक्त तिकडे त्याच्यासमोर स्टिअरिंग असतं.