सेशनची फाइल

प्रिय चिमणे,

दीड वर्षानंतर माझं अक्षर बघून हे पत्र न वाचताच फेकावंसं वाटलं, तर ते साहजिक आहे. तरी वाच.

ऑफिस आहे तसंच आहे. तुझी खिडकीजवळची जागा नव्या डिझायनरला मिळाली. तो पठ्ठ्या दिवसभर पडदा ओढून बसतो. दवाखान्याची वेबसाइट अजून तुझ्या त्याच छोट्या डेटाबेसवर चालते. साहेबांना कसं समजावलं होतंस, आठवतं? पेशंट लॉग-इन झाला, की तो कोण आणि त्याचा फॉर्म कुठवर भरून झालाय, एवढी नोंद, म्हणजे सेशन, सर्व्हरने जवळ ठेवायची. त्याला मोठा डेटाबेस कशाला, एक फाइल पुरते. साहेबांनी मान डोलावली, पण त्यांना ते पटलं नव्हतंच.

मग तो महिना आला. आपण नवी आवृत्ती चढवली, की सगळे पेशंट बाहेर फेकले जायचे आणि अर्धे भरलेले फॉर्म गायब. एका आजींनी तोच फॉर्म चौथ्यांदा भरला आणि फोनवर रडल्या. सगळं खापर तुझ्या डेटाबेसवर फुटलं. आठ दिवस तू कोड पिंजून काढलास, काही सापडेना, आणि शेवटी राजीनामा दिलास.

चूक माझी होती, चिमणे. सर्व्हरवरची मांडामांड मी केली आणि ती फाइल कोडच्याच फोल्डरमध्ये ठेवली. नवी आवृत्ती चढवताना तो फोल्डर पुसला जायचा, फाइलही त्याच्याबरोबर जायची. सर्व्हरचं काम माझं, म्हणून तिथे बघावं असं तुझ्या मनातही आलं नाही. तू जायच्या दोन दिवस आधी मला हे कळलं. बढती तोंडावर होती, मी मूग गिळून बसले. तू गेल्यावर फाइल गुपचूप हलवली, आणि मीच सगळं निस्तरलं म्हणून माझं कौतुक झालं. कुऱ्हाडीचा दांडा गोतास काळ म्हणतात, तो मी.

काल एका कंपनीतून फोन आला. तिथल्या बाई तुला नोकरी देण्याआधी चौकशी करत होत्या. म्हणाल्या, “तिच्याबद्दल खात्रीने कोण सांगेल, असं तिला विचारलं, तर तिने एकच नाव दिलं. तुमचं.” मी त्यांना सगळं सांगितलं. मग साहेबांच्या केबिनमध्ये जाऊन त्यांनाही सांगितलं. ते करतील ते करोत. तुला मात्र हे दुसऱ्या कुणाच्या तोंडून कळू नये, म्हणून लिहिलं. माझं नाव देताना तुला एकदाही शंका आली नाही का गं?

तुझीच म्हणवून घ्यायची लाज वाटणारी,
तुझी भांडकुदळ