बुटातला स्क्रू

चिमे, दादाचा आशीर्वाद घे आणि आधी सगळं वाच, मग ओरड.

परवा कारखान्यातून खोलीवर येऊन बूट काढला, तर आत स्क्रू आणि मोजा रक्ताने भिजलेला. दिवसभर मला पत्ताच नव्हता! जखम भरतेय, काळजी नको.

डॉक्टरीणबाई म्हणाल्या, "साखर वाढली की बारीक रक्तवाहिन्या आतून खराब होतात. संवेदनेच्या नसांना रक्त पोचत नाही, मग दुखलेलं कळत नाही." आता रोज तळपाय आरशात बघतो. हसू नकोस.

आईची साखर माझ्याहून जुनी. तिला विचारलंस तर "मला काय धाड भरलीय, काही दुखत नाही," म्हणेल. आजवर ते खोटं असायचं. आता खरं असेल, तीच भीती आहे.

विचारू नकोस. तिचे पाय मांडीवर घे आणि बघ.

तुझा आरसेवाला दादा