एकदा वापरलेलं ॲसिड

तुळजापूर, ३ जानेवारी १९६१
पेपरात वाचलं. बिहारातल्या खाणीतला दगड ॲसिडमध्ये भिजवून युरेनियम काढणार. नंतर ते ॲसिड वाया! तेच परत मिळवून पुन्हा वापरायची युक्ती मी काढणार. हायस्कुलात सायन्स शिकवतो म्हणून काय झालं? तीन महिने पुरे.

९ जानेवारी
युरेनियम इथं कुठलं? जळकोटच्या वाटेवरचा काळा दगड कुटून घेतला. दगड तो दगड. लॅबमधली ॲसिडची बाटली घरी आणली. हेडमास्तर दत्तोपंतांना विचारलं नाही. देशकार्याला परवानगी कसली?

१५ जानेवारी, सकाळी
दगड भिजवलेलं ॲसिड पडवीत शेगडीवर आटवलं. पांढरा धूर. यश जवळ आलंय. प्रमोदिनी आत भाकरी थापत होती, तिला ठसका लागला. परसात करा म्हणाली. परसात वारा असतो, हे बायकांना कळत नाही.

२ फेब्रुवारी
परत मिळालेलं ॲसिड दुसऱ्या दगडावर ओतलं. एक बुडबुडा नाही. दगडच खराब निघाला. आता रोज दोनदा आटवायचं.

२० फेब्रुवारी
दत्तोपंत बाटली शोधत घरी आले. धुरानं चुरचुरणारे डोळे पुसत म्हणाले, मास्तर, ॲसिड दगडानं खाल्लं. खाल्लेलं परत कुठं येतं? अन् वहिनींचा खोकला ऐकताय ना?
हवा बदलतेय, मी सांगितलं. त्यांना केमिस्ट्रीतलं काय कळतं! ते तर इतिहासवाले.

१४ मार्च
प्रमोदिनी घागर घेऊन उंबऱ्यातच बसली. दम लागला म्हणे. अडुळशाचा काढा चालू केलाय, गुण येईलच. प्रयोग थांबवणारच होतो, पण शेवटची पायरी राहिलीय.

२९ मार्च
शेवटची पायरी झाली नाही. प्रमोदिनीला आडवं झोपवत नाही. भिंतीला टेकून बसते. शेगडी विझवली. चार दिवसांपुरती.

सोलापूर, ८ एप्रिल, दुपारी
डॉक्टरांनी छातीचा फोटो उजेडात धरला. फुप्फुसं आतून भाजल्यासारखी झालीत, आता भरून येणं अवघड, म्हणाले. घरात कसला धूर असतो का?
चुलीचा, मी म्हणालो.
प्रमोदिनीनं माझ्याकडं पाहिलं. मग डॉक्टरांना म्हणाली, "हो, चुलीचाच. लाकडं... लई ओली... मिळतात आमच्याकडं."
एवढं बोलताना दम घ्यायला ती दोनदा थांबली. तेवढ्या वेळात मला खरं सांगता आलं असतं.